अतितापन, मोटारगाडीच्या एंजिनाचे
मोटारगाडीच्या एंजिनातील शीतकाचे (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचे) आणि त्याच्या सान्निध्यातील धातूच्या भागांचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे जाण्याच्या अवस्थेस अतितापन म्हणतात. व्यवहारात यालाच ‘गाडी गरम होणे’ असे म्हणतात. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नसून तो एखाद्या बिघाडाचे लक्षण असतो. एंजिनात निर्माण होणारी उष्णता व त्यातून बाहेर काढली जाणारी उष्णता यांचा समतोल ढळला म्हणजे हे लक्षण दिसते. समतोल कोठे ढळला आहे, हे शोधून काढणे म्हणजे निदान होय. असे निदान न करता एकामागून एक भाग बदलीत गेल्यास खर्च होतो, वेळ जातो व दरम्यान एंजिनाची कायमची हानी होण्याचा संभव असतो.

या विषयाच्या विवेचनासाठी जुना पिकअप ट्रक, म्हणजे मागील बाजूस उघडा हौदा असलेली हलकी मालवाहू मोटारगाडी, हे उदाहरण सोयीचे आहे. अशा गाडीवर ओझ्याचा ताण अधिक असतो व तिच्या शीतन तंत्राचे सर्व घटक उघड्यावर, हाताने तपासता येण्याजोगे असतात. आधुनिक गाड्यांत इलेक्ट्रॉनीय नियंत्रक तापमानाची नोंद ठेवतो, बिघाडाचा संकेतांक साठवितो व अनेक गाड्यांत एंजिनाची शक्ती आपोआप कमी करतो. जुन्या गाडीत यांपैकी काही नसते. एक तापमानदर्शक काटा अथवा धोक्याचा दिवा एवढेच साधन चालकाजवळ असते. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेतील शेव्हर्ले सी-१० या १९७३–८७ या काळातील पिकअप ट्रकाचे ५·७ लिटर धारणाशक्तीचे, आठ सिलिंडरांचे, व्ही-आकारी मांडणीचे पेट्रोल एंजिन मुख्यतः समोर ठेवले आहे. तत्त्वे मात्र जल-शीतित अशा बहुतेक सर्व एंजिनांना लागू पडतात.

उष्णतेचा हिशेब : पेट्रोलाच्या ज्वलनामुळे सिलिंडरातील वायूंचे तापमान क्षणभर २,०००° से. हून अधिक होते. दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो त्यातील शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते. शीतनाशिवाय एंजिन फार काळ चालू शकत नाही, याचे कारण यावरून स्पष्ट होते. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो, सु. एक-तृतीयांश निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो आणि उरलेला बहुतांश भाग शीतकामार्फत बाहेर काढावा लागतो.

समजा, असा ट्रक ताशी ९० किमी. वेगाने जात असून १०० किमी. अंतराला २० लिटर पेट्रोल जाळतो. म्हणजे तासाला १८ लिटर पेट्रोल जळते. एका लिटरपासून सु. ३२ मेगॅजूल ऊर्जा मिळते असे धरल्यास एकूण ऊर्जा सु. १६० किलोवॉट होते व त्यांपैकी सु. ५० किलोवॉट शीतन तंत्राच्या वाट्यास येते. शीतक म्हणून पाणी मिनिटाला १०० लिटर या गतीने फिरत असेल, तर एवढी उष्णता वाहून नेताना रेडिएटरात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानांत सु. ७° से. फरक पडतो. प्रवाह निम्मा झाला तर हाच फरक दुप्पट होतो. निदानाच्या वेळी या साध्या संबंधाचा फार उपयोग होतो.

उष्णता बाहेर जाणे पूर्णपणे थांबले तर काय होते, याचाही अंदाज करता येतो. सु. २५० किग्रॅ. वजनाचे बिडाचे एंजिन व त्यातील सु. १६ लिटर शीतक यांचे तापमान ५० किलोवॉट उष्णतेने एक-दोन मिनिटांतच २०° से. ने वाढते. म्हणजे काटा नेहमीची जागा सोडून धोक्याच्या खुणेकडे सरकू लागल्यावर चालकाला निर्णय घेण्यास फार थोडा वेळ मिळतो.

शीतन तंत्राची रचना व विकास : आरंभीच्या मोटारगाड्यांत पाणी उकळू देऊन त्याच्या वाफेबरोबर उष्णता घालवीत. त्यामुळे वाटेत वारंवार पाणी भरावे लागे. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीझ गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर तयार केला, तेव्हापासून थोड्या पाण्यात बरीच उष्णता हवेला देणे शक्य झाले. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या गाडीच्या बहुतेक एंजिनांत पंपच नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या नैसर्गिक अभिसरणावर काम भागविले जाई. याच कंपनीने १९३२ मध्ये बाजारात आणलेल्या आठ सिलिंडरांच्या एंजिनात निष्कास वायूंचे मार्ग ठोकळ्यातील पाण्याच्या पोकळीतून नेलेले होते. त्यामुळे पाण्याला अधिक उष्णता मिळे आणि ते एंजिन लवकर तापण्याबद्दल प्रसिद्ध झाले. शीतन तंत्राचा दोष नेहमी झिजेतूनच येतो असे नव्हे, तो मूळ रचनेतही असू शकतो, हे यावरून दिसते.

विवेचनास घेतलेल्या ट्रकात एंजिनाच्या पुढील बाजूस पट्ट्याने फिरणारा केंद्रोत्सारी पंप असतो. तो शीतक सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांत म्हणजे जलवेष्टनात ढकलतो. तेथून शीतक गॅस्केटमधील छिद्रांवाटे सिलिंडर-शीर्षांत (कारागिरांच्या भाषेत ‘हेड’मध्ये) चढतो व पुढील बाजूस येऊन थर्मोस्टॅटवाटे वरच्या रबरी नळीने रेडिएटरात जातो. रेडिएटरातील चपट्या नळ्यांमधून वाहताना तो आपली उष्णता नळ्यांना जोडलेल्या पातळ पंखांना व त्यांच्यामार्फत हवेला देतो आणि खालच्या नळीने पंपाकडे परततो. गाडी वेगात असता हवेचा झोत आपोआप मिळतो. ती उभी किंवा मंद असता सर्व भार पंख्यावर पडतो. पंख्याभोवती बसविलेले आवरण हवा केवळ रेडिएटरातूनच ओढली जाईल याची खात्री करते.

थर्मोस्टॅट ही तापमानानुसार उघडझाप करणारी झडप होय. प्रचलित प्रकारात धातूच्या कुपीत मेण भरलेले असते. ते वितळून प्रसरण पावले म्हणजे झडप उघडते. मेणाच्या या घटकाचा शोध सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० नंतरच्या दशकात लावला. या ट्रकांत सामान्यतः ८२° किंवा ९१° से. ला उघडू लागणारा थर्मोस्टॅट असतो व तो आणखी सु. १०°–१२° से. ने पूर्ण उघडतो. थर्मोस्टॅट एंजिनाचे किमान तापमान ठरवितो, कमाल नव्हे. तो पूर्ण उघडल्यानंतर तापमान कोठे स्थिरावेल हे पंप, रेडिएटर आणि हवा यांवर अवलंबून असते.

रेडिएटरचे टोपण हे केवळ झाकण नसून ती दाब-झडप असते. त्यामुळे तंत्रात वातावरणापेक्षा सु. १ किग्रॅ./चौ. सेंमी. इतका (१५ पौंड प्रती चौरस इंच) अधिक दाब राहतो आणि पाण्याचा उकळबिंदू १००° से. वरून सु. १२१° से. पर्यंत चढतो. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांच्या समप्रमाण मिश्रणाचा उकळबिंदू या दाबाखाली सु. १२९° से. असतो व हे मिश्रण सु. –३७° से. पर्यंत गोठत नाही. दाब टिकत नसेल, तर एरवी निर्दोष असलेल्या तंत्रातही शीतक उकळून बाहेर पडतो. उंचीवर ही मर्यादा आणखी खाली येते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मी. उंचीमागे पाण्याचा उकळबिंदू सु. १° से. ने उतरतो. सु. १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वरी उघड्या भांड्यातील पाणी सु. ९५·५° से. लाच उकळते. घाट चढताना एंजिनावरील भार वाढलेला असतो, वेग कमी असतो व उकळबिंदू उतरत असतो. म्हणून दुर्बल शीतन तंत्राचा दोष घाटात प्रथम उघड होतो.

अतितापनाचे परिणाम : तापमान मर्यादेपलीकडे गेले म्हणजे सिलिंडर-शीर्षात स्थानिक वाफ होते. वाफ उष्णतेची मंदवाहक असल्याने तेथील धातू अधिकच तापतो, शीर्ष वाकते व त्याखालील गॅस्केट फुटते. बिडाचे शीर्ष वाकण्याऐवजी झडपांच्या बैठकींजवळ तडकू शकते. वंगण तेल पातळ होऊन धारव्यांतील त्याचा थर तुटतो. दट्ट्या प्रसरण पावून सिलिंडरात खरडतो व क्वचित अडकून बसतो. ज्वलनकक्षातील तप्त जागांमुळे इंधन-मिश्रण अकाली पेटते, त्यामुळे आणखी उष्णता निर्माण होते आणि हे चक्र एंजिन बंद करेपर्यंत चालूच राहते. काही रुपयांच्या टोपणाचा दोष वेळीच न ओळखल्यास संपूर्ण एंजिन उघडावे लागते ते यामुळेच.

निदानाची पद्धत : निदानात साध्या, स्वस्त व भाग न उघडता करता येणाऱ्या तपासण्या आधी व खर्चिक तपासण्या नंतर, असा क्रम पाळतात.

(१) अतितापन खरे की भासमान : प्रथम काट्याची साक्ष तपासतात. शेव्हर्ले ट्रकात तापमान-संवेदकाकडे जाणारी तार उघडी पडून एंजिनाच्या धातूस टेकली तर काटा एकदम कमाल खुणेवर जातो. तार सुटली तर तो थंड बाजूस पडून राहतो. फोर्डच्या त्या काळातील अनेक गाड्यांत तापमानदर्शक व इंधनदर्शक यांना एकाच विद्युत् दाब-नियंत्रकातून पुरवठा होई. हा नियंत्रक बिघडला की दोन्ही काटे एकदम वर चढत. अशा वेळी इंधनाची टाकी अर्धी असूनही ती भरलेली दिसत असेल, तर दोष एंजिनात नसून दर्शकात असतो. खात्रीसाठी वेगळ्या तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घराजवळील तापमान मोजतात. अवरक्त तापमापक वापरल्यास तो चकचकीत धातूवर न रोखता रंगविलेल्या अथवा काळी पट्टी चिकटविलेल्या भागावर रोखावा लागतो. चकचकीत पृष्ठभाग प्रारण कमी उत्सर्जित करतो व खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवितो.

(२) तापण्याची वेळ व परिस्थिती : काटा केव्हा चढतो, ही सर्वांत मोलाची माहिती होय. गाडी उभी असता किंवा गर्दीत मंद चालीने जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच थंड होते, असे असेल तर दोष हवेच्या प्रवाहात असतो. पंखा, त्याचा क्लच, आवरण व रेडिएटरसमोर साचलेला कचरा यांकडे लक्ष द्यावे लागते. उलट उभ्या गाडीत तापमान ठीक राहून वेगात, चढणीवर वा ओझ्याखाली ते वाढत असेल, तर शीतकाचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता अपुरी असते. थंड एंजिन सुरू केल्यापासून काही मिनिटांतच काटा वर जाऊन वरची नळी मात्र थंड राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा त्याखाली हवेचा बुडबुडा कोंडला आहे, असा तर्क करता येतो. एंजिन बंद केल्यावर काही वेळ तापमान वाढते ते नैसर्गिक आहे, कारण अभिसरण थांबते व तप्त धातूतील उष्णता शीतकात उतरत राहते. मात्र त्या वेळी शीतक बाहेर सांडत असेल, तर टोपण तपासावे लागते.

(३) शीतकाची पातळी व गळती : एंजिन पूर्ण थंड असताना टोपण काढून पातळी पाहतात. ती कमी असल्यास नुसती भर घालणे हा उपाय नव्हे. शीतक कोठे गेला हे शोधले पाहिजे. बाहेरील गळतीच्या जागी पांढुरके, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचे ओघळ सुकलेले आढळतात. पंपाच्या खालच्या अंगाला एक लहान छिद्र असते. त्यातून थेंब पडत असल्यास पंपातील जलरोधक कडे झिजले आहे असे समजतात. केबिन उबदार करणाऱ्या उष्णता विनिमयकाची गळती असल्यास गाडीत गोडसर वास येतो व काचेवर आतून चिकट धुके बसते. ठोकळ्याच्या बाजूस बसविलेल्या पत्र्याच्या चकत्या आतून गंजून पाझरतात, त्या निष्कास नळाच्या आड असल्याने सहज दिसत नाहीत. गळती दिसत नसेल तर हातपंपाने टोपणावर नोंदलेल्या दाबाइतका दाब थंड तंत्रात निर्माण करतात. तो दहा-पंधरा मिनिटे टिकला पाहिजे. टोपणाचीही त्याच पंपाने स्वतंत्र परीक्षा होते.

(४) घटकांच्या चाचण्या : पट्टा सैल असेल, चकाकत असेल किंवा तेलकट झाला असेल तर तो घसरतो व पंप आणि पंखा दोन्ही मंदावतात. पंपाची कप्पी हाताने हलवून पाहिल्यास धारव्याची झीज कळते. पंपातील पाती गंजून खुरटली असतील, तर बाहेरून काहीच दिसत नाही. थर्मोस्टॅट उघडल्यानंतरही रेडिएटरच्या तोंडाशी प्रवाहाची हालचाल मंद दिसते. ही पाहणी करावयाची असल्यास एंजिन थंड असताना टोपण काढून मगच ते सुरू करतात.

खालची नळी पंपाच्या चूषण बाजूस असते. तिच्यातील आधाराची तारेची गुंडाळी गंजून गेल्यास एंजिनाची गती वाढविताच नळी चपटी होते व प्रवाह तुटतो. हा दोष केवळ वेगात प्रकट होत असल्याने उभ्या गाडीच्या तपासणीत निसटतो. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात तळाला न टेकेल असा टांगतात व पाणी तापवीत तापमापकाने पाहतात. तो त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडू लागला पाहिजे.

पंख्याच्या क्लचमध्ये सिलिकोन तेल असते. तापलेले एंजिन बंद करून पंखा हाताने फिरविल्यास स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो मोकळा फिरत राहिला अथवा क्लचभोवती तेलाचे ओघळ दिसले, तर तो निकामी समजतात. जुन्या ट्रकात दुरुस्तीच्या वेळी काढलेले पंख्याचे आवरण पुन्हा न बसविल्याचे अनेकदा आढळते. तसे झाल्यास पंखा एंजिनाच्या बाजूचीच तापलेली हवा फिरवीत राहतो.

रेडिएटरची परीक्षा तापमानांवरून करतात. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर दोन टाक्यांच्या तापमानांतील फरक नेहमीपेक्षा बराच अधिक असेल, तर प्रवाह कमी आहे. फरक नेहमीइतकाच राहून दोन्ही तापमाने वर चढत असतील, तर शीतक फिरत असूनही हवेला उष्णता दिली जात नाही. रेडिएटरच्या दर्शनी भागावर तापमापक फिरविताना काही पट्टे थंड आढळल्यास तेथील नळ्या क्षाराने किंवा गाळाने बुजलेल्या असतात. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटराच्या टाक्या काढून नळ्यांतून सळई फिरविता येते, तशी सोय प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या ॲल्युमिनियम रेडिएटरांत नसते.

(५) ज्वलन वायूंची गळती : सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केट फुटल्यास उच्च दाबाचे वायू शीतकात शिरतात व त्याला बाहेर ढकलतात. शीतकात सतत बुडबुडे येणे, थंड एंजिन सुरू करताच वरची नळी ताठ होणे, निष्कासातून गोडसर वासाची पांढरी वाफ बराच वेळ येणे, वंगण तेल दुधाळ होणे आणि एखादी ठिणगी-गुडदी इतरांपेक्षा विलक्षण स्वच्छ आढळणे ही याची लक्षणे होत. थंड हवेत थोड्या अंतराच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत बाष्प साचूनही तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर जमतो, म्हणून एकाच लक्षणावर विसंबत नाहीत. निर्णायक चाचणीत रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या रंगाच्या सूचक द्रवातून ओढतात. तिच्यात ज्वलनातून आलेला कार्बन डाय-ऑक्साइड असल्यास द्रव पिवळा होतो. संपीडन चाचणीत शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी आढळला, तर गॅस्केट त्या दोहोंमध्ये फुटले असल्याचा संशय बळावतो.

पूर्वी झालेल्या दुरुस्तीचा इतिहासही येथे विचारात घ्यावा लागतो. शेव्हर्लेच्या याच कुळातील ४०० घन इंच (सु. ६·६ लिटर) धारणाशक्तीच्या एंजिनात शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींस जोडलेल्या असून त्यांच्यामध्ये पाणी फिरत नाही. तेथे साचणारी वाफ निघून जावी म्हणून ठोकळा, गॅस्केट व शीर्ष यांत लहान छिद्रे ठेवलेली असतात. ३५० घन इंची एंजिनाची शीर्षे बाह्यतः सारखी दिसतात व बसतातही, पण त्यांत ही छिद्रे नसतात. ती पाडून न घेता बसविल्यास सर्व भाग नवे असूनही एंजिन तापते.

(६) शीतन तंत्राबाहेरील कारणे : ठिणगी उशिरा पडत असेल तर ज्वलन लांबते व जास्त उष्णता सिलिंडराच्या भिंतींना आणि निष्कास मार्गांना मिळते. निर्वात दाबाने ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या यंत्रणेचा पडदा फाटणे हे याचे नेहमीचे कारण होय. हवेच्या मानाने इंधन फार कमी असणे, निष्कास नळ बुजणे, त्यातील उष्णता-नियंत्रक झडप बंद अवस्थेत गंजून बसणे, गतिरोधक चाकास घासत राहणे आणि क्षमतेपलीकडील ओझे यांमुळेही निर्माण होणारी उष्णता वाढते. अशा वेळी निर्दोष रेडिएटर बदलून काहीही साधत नाही.

काही गैरसमज : थर्मोस्टॅट काढून टाकल्यास एंजिन थंड राहते, असा समज रूढ आहे. थर्मोस्टॅट अडकलेला असेल तरच तो काढल्याने तात्पुरता आराम पडतो. दोष अन्यत्र असल्यास फरक पडत नाही. उलट एंजिन हलक्या भाराखाली आवश्यक तापमान गाठत नाही, इंधन अधिक लागते, वंगण तेलात चिखल साचतो व झीज वाढते. कमी तापमानाचा थर्मोस्टॅट बसविणे हाही उपाय नव्हे, कारण तो फक्त किमान तापमान खाली आणतो. शीतक फार वेगाने फिरल्यास त्याला थंड होण्यास अवधी मिळत नाही, ही समजूतही चुकीची आहे. प्रत्येक फेरीत अवधी कमी मिळत असला तरी फेऱ्यांची संख्या वाढते व प्रवाह वेगवान झाल्याने उष्णतेचे संक्रमण एकंदरीत सुधारते. गोठणरोधी द्रव जितका अधिक तितके बरे, असेही नाही. ग्लायकॉलाची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा कमी असल्याने त्याचे प्रमाण सु. ७० टक्क्यांवर नेल्यास शीतनक्षमता घटते.

वाटेत एंजिन तापल्यास : काटा चढू लागताच वातानुकूलक बंद करतात व केबिन तापविणारे यंत्र पूर्ण उघडतात, कारण तेही एक लहान रेडिएटरच असते. चढणीवर वरच्या गिअरमध्ये एंजिन रेटण्यापेक्षा खालचा गिअर घेणे हितावह असते. त्यामुळे पंप व पंखा जलद फिरतात. एवढ्याने काटा उतरला नाही, वाफ दिसली किंवा शीतक सांडू लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून एंजिन ताबडतोब बंद करावे लागते. शीतक सांडून गेल्यावर संवेदक कोरडा पडतो व काटा खाली उतरतो. तो उतरला म्हणून एंजिन थंड झाले असे समजणे घातक ठरते.

तापलेल्या एंजिनाचे टोपण कदापि उघडू नये. दाब नाहीसा होताच १००° से. हून अधिक तापलेला शीतक क्षणार्धात उकळून उसळतो व चेहरा आणि हात गंभीर भाजतात. वरची नळी हाताला थंड व मऊ लागेपर्यंत थांबावे लागते. त्यानंतरही जाड फडके ठेवून टोपण प्रथम अर्धेच फिरवितात व उरलेला दाब जाऊ देतात. तप्त एंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास बीड असमान आकुंचन पावून तडकते, म्हणून पाणी एंजिन निवल्यावर व थोडेथोडे घालतात. एथिलीन ग्लायकॉल गोडसर चवीचे पण विषारी असते. सु. १०० मिलि. इतकी मात्राही प्रौढ माणसास प्राणघातक ठरू शकते. मुले व पाळीव जनावरे यांच्या आवाक्यात ते उघडे ठेवणे किंवा जमिनीवर ओतून देणे टाळले पाहिजे.

प्रतिबंधक देखभाल : जुन्या एंजिनात सर्वांत अधिक हानी गंज व क्षार यांमुळे होते. क्षारांच्या पुटाची उष्णतासंवाहकता बिडाच्या सु. पंचविसाव्या ते पन्नासाव्या हिश्श्याएवढीच असते. त्यामुळे एक मिमी. जाडीचे पूटही कित्येक सेंमी. जाड बिडाइतका अडथळा करते. गंजाचा गाळ जलवेष्टनाच्या तळाशी साचतो व तो केवळ रेडिएटर धुऊन निघत नाही. त्यासाठी ठोकळ्याच्या बाजूंस असलेले निचऱ्याचे आटे उघडून पाणी फिरवावे लागते. महाराष्ट्रातील बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. वाटेत मिळेल ते पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरात घातल्याने पूट झपाट्याने वाढते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधक असलेला शीतक यांचे मिश्रण वापरतात आणि ते निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलतात. निरनिराळ्या रासायनिक प्रकारांचे शीतक एकत्र मिसळीत नाहीत. नळ्या, पट्टा व टोपण यांची दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी तपासणी करतात. काटा नेहमी कोठे राहतो याची चालकास चांगली ओळख असणे, हीही देखभालच होय. त्या जागेपासूनचा लहानसा बदल वेळीच ध्यानात आला, तर त्याचे कारण बहुधा अजून साधे व दुरुस्तीजोगे असते.